वेबचीं शिक्षणपुस्तकें : पान चित्राचें कीं मजकुराचें?

कोणत्याहि विद्येचा इतिहास सांगतांना आपण तिच्या शोधकांचीं नांवें आदरानें घेतों. परंतु ती विद्या सामान्य माणसाच्या हातांत ज्या पुस्तकांनीं नेऊन दिली, त्यांची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. शिवणकामाचें पुस्तक, फोटोग्राफीचें पुस्तक, रेडिओ-दुरुस्तीचें पुस्तक : काम शिकून झालें कीं असलें पुस्तक फळीवर जातें आणि पुढें केव्हां तरी रद्दींत. वेबचें पान कसें रचावें हें शिकविणाऱ्या पुस्तकांची गति याहून निराळी झालेली नाहीं. त्यांचा सारा इतिहास उणापुरा तीस-पस्तीस वर्षांचा. तथापि एवढ्या अल्पावधींत त्यांच्या पानांतून एक महत्त्वाचा वाद लढला गेला. वेबचें पान हें मुळांत पाहावयाचें चित्र आहे, कीं वाचावयाचा मजकूर आहे, असा तो वाद होय. वरवर पाहतां हा कारागिरांच्या घरचा तंटा वाटेल; परंतु अंध वाचकाला हें नवें ग्रंथालय खुलें होणार कीं नाहीं, आणि मराठीसारख्या भाषेला त्यांत जागा मिळणार कीं नाहीं, हे दोन्ही प्रश्न त्या वादाच्या निकालाशीं बांधलेले होते. ह्या दृष्टीनें आज त्या पुस्तकांकडे पाहावयाचें आहे.

श्रोतेहो, प्रथम मूळ कल्पना ध्यानांत घेतली पाहिजे. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनीं मार्च १९८९ मध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें मांडली, आणि १९९० च्या अखेरीस पहिलें पान व तें दाखविणारा पहिला ब्राउझर सिद्ध केला. पान लिहिण्यासाठीं त्यांनीं जी भाषा योजिली ती एचटीएमएल. तिची रीति सोपी आहे. साधा मजकूर लिहावयाचा आणि त्याच्या मागेंपुढें खुणा घालावयाच्या : हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा. खूण मजकुराचें स्वरूप सांगते. तो किती मोठ्या अक्षरांत किंवा कोणत्या रंगांत दिसावा हें सांगणें तिचें काम नव्हे. नाटकाच्या पुस्तकांत 'राजा प्रवेश करतो' एवढेंच छापलेलें असतें. राजाचा अंगरखा मखमलीचा असावा कीं साध्या कापडाचा, हें नाटकमंडळीनें आपल्या ऐपतीप्रमाणें ठरवावयाचें असतें. येथेंहि तोच प्रकार होता. ज्याच्याजवळ रंगीत पडदा असेल त्याला पान रंगांत दिसावें, आणि ज्याच्याजवळ केवळ अक्षरें उमटणारें यंत्र असेल त्यालाहि तें वाचतां यावें, अशी ही योजना होती. शिवाय ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें तंत्र सर्वांना विनामूल्य खुलें केलें. कोणत्याहि पानाचा मूळ लेख, म्हणजे खुणांसकट मजकूर, उघडून पाहण्याची सोय ब्राउझरमध्यें असे. दुसऱ्याचें पान पाहून आपलें लिहावें, ही ह्या विद्येची पहिली शाळा.

पुस्तकें आलीं तीं ह्या शाळेच्या मागोमाग. अमेरिकेंतील ओ'रायली ह्या प्रकाशनानें १९९२ सालीं एड क्रोल यांचें इंटरनेटवरील मार्गदर्शक प्रसिद्ध केलें, तेव्हां वेब हा त्यांतील एका प्रकरणापुरता विषय होता. १९९३ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत मोझेइक हा ब्राउझर तयार झाला. त्यानें मजकुराच्या ओळींतच चित्र दाखविलें, आणि लोकांची रीघ लागली. मग १९९५ सालीं लॉरा लेमे यांचें 'टीच युवरसेल्फ वेब पब्लिशिंग विथ एचटीएमएल इन अ वीक' हें पुस्तक निघालें. एका आठवड्यांत आपलें आपण शिका, असें आश्वासन देणाऱ्या ह्या पुस्तकानें असंख्य लोकांकडून पहिलें पान लिहवून घेतलें.

त्याच्या प्रकाशकाची हकीकत आपणां श्रोत्यांस विशेष आपुलकीची वाटेल. सॅम्स ह्या नांवाचा उगम हॉवर्ड सॅम्स यांनीं १९४६ मध्यें इंडियानापोलिस शहरीं काढलेल्या कंपनींत आहे. आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांसाठीं निरनिराळ्या सेटांच्या आंतल्या जोडण्यांचे नकाशे व छायाचित्रें छापून विकणें, हा त्या कंपनीचा मूळ धंदा होता. पेटीचें झांकण काढून आंत काय आहे तें साध्या माणसाला दाखवावें, ही त्या घराण्याची जुनी विद्याच पन्नास वर्षांनीं नव्या यंत्राच्या उपयोगीं पडली. पुढची गंमतहि ऐकण्याजोगी आहे. आठवड्याचें हें पुस्तक नंतरच्या आवृत्त्यांत १४ दिवसांचें झालें, पुढें २१ दिवसांचें झालें, आणि अलीकडच्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर दिवसांची मोजदाद सोडून 'रोज एक तास' एवढेंच वचन राहिलें. विद्या किती वाढली हें मोजण्यास याहून सोपें माप सांपडणार नाहीं.

१९९६ हें ह्या वाङ्मयाचें सुगीचें वर्ष. त्या वर्षीं एलिझाबेथ कॅस्ट्रो यांचें एचटीएमएलवरील पुस्तक पीचपिट प्रकाशनाच्या 'व्हिज्युअल क्विकस्टार्ट' मालेंत निघालें. त्यांत क्रमांक घालून दिलेल्या कृति आणि त्यांच्या शेजारींच, त्या केल्यावर पडद्यावर काय दिसेल त्याचीं चित्रें, अशी मांडणी होती. पाककृतींच्या पुस्तकाप्रमाणें तें समोर उघडें ठेवून काम करतां येई. त्याच वर्षीं ओ'रायलीनें एचटीएमएलवरील व जावास्क्रिप्टवरील असे दोन 'डेफिनिटिव्ह गाइड' काढले. जुन्या खोदचित्रांच्या पद्धतीनें काढलेले प्राणी हें त्या प्रकाशनाच्या मुखपृष्ठांचें वैशिष्ट्य. पहिल्यावर कोआला होता. डेव्हिड फ्लॅनगन यांच्या जावास्क्रिप्टच्या ग्रंथावर गेंडा होता, आणि कारागीर लोक त्याला 'गेंड्याचें पुस्तक' ह्याच नांवानें ओळखीत. कॅस्ट्रोबाईंचें पुस्तक नवख्याचा हात धरून चालविणारें, तर गेंड्याचें पुस्तक अडलेल्याला आधार देणारा कोश. ह्या दोन जाती तेव्हांपासून आजवर चालत आल्या आहेत.

येथें एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. लेमे, कॅस्ट्रो, लिंडा वाइनमन, जेनिफर नीडर्स्ट रॉबिन्स, मॉली होल्झश्लाग : पहिल्या दशकांत ह्या विद्येचे जे शिक्षक घरोघर वाचले गेले, त्यांतील कित्येक स्त्रिया होत्या. ह्या धंद्याला अद्याप पदवीचें कुंपण पडलेलें नव्हतें. ज्याला स्वतः करून पाहतां येई व दुसऱ्याला नीट समजावून सांगतां येई, तो लेखक होई. आणि ज्याच्याजवळ पुस्तकापुरते पैसे व उसना कां होईना एक संगणक असे, तो शिष्य होई. लोकप्रिय पुस्तकांचें हें पहिलें ऋण आहे.

परंतु ह्याच १९९६ सालीं वादाला तोंड फुटलें. छापील जाहिराती व मासिकांचीं पृष्ठें सजविणारे चित्रकार वेबकडे वळूं लागले होते, आणि करड्या पार्श्वभूमीचीं, एका सांच्यांतून काढल्यासारखीं तीं पानें त्यांना पाहवेनात. डेव्हिड सीगल यांनीं 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स' लिहून त्यांना वाट दाखविली. तक्ता मांडण्याच्या खुणा आंकड्यांच्या तक्त्यांसाठीं होत्या; सीगल यांनीं रेषा अदृश्य केलेल्या तक्त्याच्या घरांमध्यें सबंध पान बसवावयास शिकविलें. दोन गोष्टींमधील अंतर राखण्यासाठीं ठिपक्याएवढें एक पारदर्शक चित्र घ्यावें आणि हवें तेवढें ताणून मध्यें ठेवावें, ही युक्तिहि त्यांच्याच पुस्तकानें सर्वतोमुखीं केली. त्याच सालीं वाइनमन यांनीं 'डिझाइनिंग वेब ग्राफिक्स' मध्यें रंगांचा प्रश्न हातीं घेतला. त्या काळचे पुष्कळ पडदे एका वेळीं २५६ च रंग दाखवीत; त्यांतून विंडोज व मॅकिन्टॉश ह्या दोहोंवर सारखे दिसणारे रंग निघत २१६, म्हणजे तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या प्रत्येकीं सहा पायऱ्या, आणि सहांचा घन. हे २१६ रंग पुढें कित्येक वर्षें वेबच्या चित्रकारांचें पंचांग होऊन बसले. हीं पुस्तकें उथळ होतीं असें कोणीं समजूं नये. देखणेपणाची भूक खोटी नव्हती, आणि ती भागविण्याचीं नीट साधनें तेव्हां कोणाच्याच हातीं नव्हतीं. सांपडलें तें हत्यार घेऊन ह्या लेखकांनीं वेबला रूप दिलें.

मात्र ह्या युक्त्यांची किंमत ज्यांना मोजावी लागली, ते त्या पुस्तकांच्या वाचकांत नव्हते. अंध माणूस वेबचें पान ऐकतो. पडद्यावरचा मजकूर यंत्र त्याला वाचून दाखवितें. केवळ कानांनीं ग्रहण करावयाच्या गोष्टीला क्रम असावा लागतो, मथळा कोठें संपला आणि मजकूर कोठें सुरू झाला हें उमगावें लागतें, हें रेडिओच्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको. खुणांनीं सरळ रचलेलें पान यंत्राला तसें वाचतां येतें. परंतु मथळा म्हणजे चित्र, अनुक्रमणी म्हणजे चित्र, आणि परिच्छेदांचे तुकडे तक्त्याच्या घरांत विखुरलेले, अशा पानावर तें पदोपदीं अडखळतें. चित्राला शब्दांत पर्याय दिलेला नसला तर पुष्कळदां फायलीचें निरर्थक नांव तेवढें उच्चारतें. ऑस्ट्रेलियांत ह्याचा निवाडाच झाला. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना शब्दांचे पर्याय नाहींत व निकालांचे तक्ते आपणांस वाचतां येत नाहींत, अशी तक्रार एका अंध नागरिकानें तेथील मानवी हक्क आयोगापुढें मांडली. आयोगानें ऑगस्ट २००० मध्यें ती ग्राह्य धरली, आणि त्याच्या निर्णयाचें पुरतें पालन न झाल्यामुळें पुढें आयोजन-समितीनें २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी असें ठरविलें. पान चित्र आहे कीं मजकूर, हा प्रश्न असा न्यायासनापुढें येऊन उभा राहिला.

आपल्या देशांत हींच पुस्तकें बहुधा स्वस्त भारतीय आवृत्त्यांच्या रूपानें आलीं. ओ'रायलीचीं प्राण्यांचीं पुस्तकें मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सनें येथें छापलीं. दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनानें भारतीय लेखकांस पुढें आणलें, आणि त्यांतील आयव्हन बायरॉस यांचें एचटीएमएल, जावास्क्रिप्ट व पर्ल एकत्र शिकविणारें पुस्तक संगणकाच्या वर्गांतून पुष्कळ चाललें. विद्या आली, परंतु तिच्याबरोबर एक उणीवहि आली. १९९५ च्या सुमाराच्या पुस्तकांत फ्रेंच किंवा जर्मन भाषेंतील विशेष अक्षरें कशीं लिहावीं याचा तक्ता दिलेला असे. देवनागरीला त्यांत स्थान नव्हतें, कारण त्या वेळच्या एचटीएमएलचा वर्णसंच पश्चिम युरोपच्या भाषांपुरता होता. युनिकोड ह्या सार्वत्रिक वर्णसंचांत देवनागरी १९९१ पासून होती. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीनें तो वर्णसंच पायाभूत मानला. पण विंडोजमध्यें भारतीय लिप्यांची सोय झाली ती २००० सालापासून.

ह्या मधल्या काळांत मराठी पान लिहिणाऱ्यानें करावें तरी काय? पुस्तकांनीं शिकविलेली युक्तिच त्याच्या कामीं आली. कोणीं मजकुराचें चित्र करून तें पानावर लावलें. कोणीं रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेला स्वतःचा टंक वाचकांना दिला. डोळ्यांस तें मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखीं तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होता. ज्याच्या संगणकावर तो टंक नसे त्याला नुसता चिन्हांचा बुजबुजाट दिसे, आणि शोधयंत्राला त्या पानांत मराठीचा एक शब्दहि सांपडत नसे. टंक हरवला कीं मजकूरहि हरवे. सिडनीच्या त्या अंध गृहस्थाची अडचण आणि मराठी वाचकाची अडचण दिसावयास दूरच्या; मुळांत त्या एकच होत्या. पान दिसत होतें, पण तें मजकूर राहिलें नव्हतें.

ह्या वादांतील पहिली कबुली खुद्द सीगल यांनींच दिली, हें त्यांना भूषणावह आहे. १९९७ मध्यें त्यांनीं लिहिलेल्या एका लेखाचा मथळाच, वेब बिघडलें आहे आणि तें मींच बिघडविलें आहे, अशा आशयाचा होता. उपायहि तोंपर्यंत जन्मास आलेला होता. होकन व्युम ली यांनीं १९९४ मध्यें सुचविलेली सीएसएस ही पद्धति डिसेंबर १९९६ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें मान्य केली होती. तिचें तत्त्व असें कीं, मजकूर व त्याच्या खुणा एका ठिकाणीं ठेवाव्या, आणि रंग, अक्षरांचा आकार, समास इत्यादि रूपाचे नियम दुसऱ्या ठिकाणीं. नाटकाच्या भाषेंत सांगावयाचें तर संहिता वेगळी आणि नेपथ्याची वही वेगळी. परंतु निरनिराळे ब्राउझर ह्या नियमांचा निरनिराळा अर्थ करीत, आणि तत्त्व पटलेला कारागीरहि हताश होऊन जुन्या तक्त्यांकडे परत जाई. येथें पुन्हां पुस्तकें मदतीस आलीं. एरिक मेयर यांनीं २००० मध्यें सीएसएसचा 'डेफिनिटिव्ह गाइड' लिहून एकेका नियमाची उकल केली. २००३ मध्यें जेफ्री झेल्डमन यांचें 'डिझाइनिंग विथ वेब स्टँडर्ड्स' निघालें. त्यांनीं आपला पक्ष केवळ दयाबुद्धीवर उभारला नाहीं. व्यवहाराच्या हिशेबानें मांडला. खुणांनीं नीट रचलेलें पान आकारानें हलकें होतें, त्याच्या वाहतुकीचा खर्च कमी येतो, तें दुरुस्त करणें सोपें पडतें, उद्यां निघणाऱ्या यंत्रावरहि तें चालतें, आणि अंध वाचकालाहि तें खुलें राहतें. हा हिशेब मालकांना कळला.

देखणेपणाचा आक्षेप मात्र उरला होता. त्याचें उत्तर त्याच २००३ सालीं डेव्ह शे ह्या कॅनडांतील तरुणानें 'सीएसएस झेन गार्डन' काढून दिलें. मजकूर एकच आणि खुणाहि त्याच. केवळ रूपाचे नियम बदलून नाना कलावंतांनीं त्याला ओळखूं येऊं नयेत अशीं निरनिराळीं रूपें दिलीं. शे व होल्झश्लाग यांनीं २००५ मध्यें त्यांतील निवडक रचनांचें रहस्य पुस्तकरूपानें उलगडून दाखविलें. अर्थ राखूनहि सौंदर्य साधतें हें डोळ्यांनीं दिसलें, तेव्हां वादाचा निकाल झाल्यासारखाच होता.

निकालावर शिक्कामोर्तब केलें तें फोननें. २००७ मध्यें आयफोन आला आणि वेब तळहाताएवढ्या पडद्यावर शिरलें. ठराविक रुंदीचें चित्र म्हणून रचलेलीं पानें त्यांत मावेनात. मजकूर म्हणून रचलेलीं पानें मात्र नव्या नियमांनीं जागेप्रमाणें आकार घेऊं शकत. ही रीति ईथन मार्कॉट यांनीं २०११ मध्यें 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ह्या लहानशा पुस्तकांत सांगितली. रंगीबेरंगी पडद्यांच्या काळांत सर्वांच्या ऐपतीचा विचार करणारी १९९० ची ती मूळ योजना वीस वर्षांचा वळसा घालून अशी स्वगृहीं परतली. त्याच वर्षीं जॉन डकेट यांचें एचटीएमएल व सीएसएसवरील सुंदर, रंगीत पुस्तक निघालें, आणि तक्त्यांच्या युक्त्या कधीं न शिकलेली पिढी त्यावर तयार झाली.

आतां ह्या साऱ्या ग्रंथसंभारांतून काय टिकलें तें पाहावें. २१६ रंगांचें पंचांग पडदे सुधारतांच निरुपयोगी झालें. पारदर्शक ठिपका आज कोणी वापरीत नाहीं. एका ब्राउझरच्या खोडी दुसऱ्यापासून लपविण्याच्या शेंकडों क्लृप्त्या त्या ब्राउझरांबरोबरच गेल्या. ह्याच्या उलट स्टीव्ह क्रग यांनीं २००० सालीं लिहिलेलें 'डोन्ट मेक मी थिंक' हें चिमुकलें पुस्तक पाहा. विमानाच्या एका प्रवासांत वाचून व्हावें एवढेंच तें मुद्दाम ठेवलेलें आहे. येणारा माणूस घाईंत असतो, त्याला कोडीं घालूं नयेत, एवढें एक तत्त्व त्यांत उदाहरणांनीं पटविलें आहे; म्हणूनच २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तींत उदाहरणें बदलावीं लागलीं तरी तत्त्वाला हात लावावा लागला नाहीं. ज्या पुस्तकानें 'कसें' एवढेंच सांगितलें, तें यंत्राबरोबर म्हातारें झालें; ज्यानें 'कां' हेंहि सांगितलें, त्याचें वय यंत्राच्या वयाशीं बांधलें गेलें नाहीं.

पुस्तकांचा धंदाहि आतां पूर्वीचा उरलेला नाहीं. मार्कॉट यांचें पुस्तक काढणारें 'अ बुक अपार्ट' हें प्रकाशन २०२४ मध्यें बंद झालें. मारैन हावरबेके यांच्या 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' सारखीं उत्तम पुस्तकें छापून विकलीं जातात आणि वेबवर विनामूल्य वाचावयासहि मिळतात. इतकेंच नव्हे, तर अलीकडे साध्या भाषेंत मागणी केली असतां यंत्रच खुणांसकट सबंध पान लिहून देतें. मग शिकणाऱ्यानें पुस्तक उघडावें तरी कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्या इतिहासांतच आहे. यंत्रानें लिहिलेलें पान पडद्यावर सुंदर दिसतें कीं नाहीं हें कोणालाहि सांगतां येईल. परंतु तें अंध माणसाला ऐकतां येईल काय, लहान पडद्यावर वाचतां येईल काय, त्यांतील मराठी हें खरोखर मराठी आहे कीं मराठीचें नुसतें चित्र, हें ओळखण्यास मूळ लेख उघडून खुणा वाचतां आल्या पाहिजेत. पहिल्या दिवसापासून वेबनें ही मुभा प्रत्येकाला दिलेली आहे. पेटीचें झांकण आजहि उघडतें. आंत पाहून काय दिसतें तें समजावें, एवढ्यासाठीं त्या जुन्या पुस्तकांपैकीं एखादें तरी फळीवरून खालीं काढावें, हें बरें.